चार दिवस गोळ्यांखाली रस्ता काढणारे कारवारचे मेजर रामा राणे

गावात रस्ता झाला की नारळ फुटतो, फलक लागतो, पुढाऱ्यांचे फोटो निघतात. फावडं आणि घमेलं घेऊन उन्हात राबलेला माणूस मात्र फोटोत नसतो. पण देशाच्या इतिहासात एक माणूस असा आहे, की ज्याला रस्ता मोकळा केला म्हणून देशातलं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालं. त्या पदकाचं नाव परमवीर चक्र आणि त्या माणसाचं नाव रामा राघोबा राणे.

११ जुलै ही मेजर राणे यांची पुण्यतिथी. १९९४ साली पुण्यात त्यांचं निधन झालं. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना अब्दुल हमीद माहीत असतात, विक्रम बात्रा तर सिनेमामुळे घराघरात पोहोचले. राणे यांचं नाव विचारलं की मात्र बरेच जण गप्प होतात. आपल्या शेजारच्या, कोकणपट्टीतल्या या माणसाची ओळख नव्या पोरांना व्हावी, म्हणून ही आठवण.

पोलीस शिपायाचा मुलगा

राणे मूळचे कारवार तालुक्यातल्या चेंडिया गावचे. गोव्याची हद्द ओलांडून खाली गेलं की कारवार लागतं. आज हा भाग कर्नाटकात आहे, पण त्या काळी उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये भातशेती आणि माड. कोकणातल्या माणसाला तिथं परकं वाटणार नाही.

२६ जून १९१८ ला रामा यांचा जन्म झाला. वडील राघोबा पोलीस शिपाई होते. शिपायाची नोकरी म्हणजे आज या ठाण्याला, उद्या त्या ठाण्याला. बदली झाली की बिऱ्हाड हलायचं आणि पोराची शाळाही बदलायची. त्यामुळे रामा यांचं शिक्षण एका जागी बसून, सलग असं झालंच नाही.

१९३० साल आलं. देशभर सत्याग्रहाची हवा होती आणि कारवार-अंकोल्याचा भाग त्यात फार पुढं होता. बारा वर्षांचा रामाही त्या चळवळीकडं ओढला गेला. आता बाप इंग्रज सरकारचा पोलीस आणि पोरगं सरकारविरुद्धच्या चळवळीत, म्हणजे घरात काय चाललं असेल याचा अंदाज कोणालाही येईल. वडिलांना काळजी वाटली. त्यांनी सगळं कुटुंब उचललं आणि परत चेंडियाला, आपल्या मूळ गावी आणून ठेवलं.

खडकीचा रंगरूट

दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, १० जुलै १९४० ला, बावीस वर्षांचे राणे सैन्यात भरती झाले. पलटण मिळाली बॉम्बे इंजिनिअर्स, म्हणजे ज्यांना सगळे बॉम्बे सॅपर्स म्हणतात ती. या दलाचं मुख्य केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे. आजही महाराष्ट्रातली कितीतरी पोरं तिथूनच शिकून बाहेर पडतात.

सॅपर म्हणजे सैन्यातला इंजिनिअर जवान. पूल बांधणं, पूल उडवणं, रस्ता करणं, शत्रूनं जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढणं ही त्याची कामं. पायदळाच्या आणि रणगाड्यांच्याही पुढं त्याला जावं लागतं, कारण वाट तयार झाल्याशिवाय मागच्यांना येता येत नाही. हातात बंदूक असते, पण काम चालू असताना ती बाजूला ठेवावी लागते. दोन्ही हात कामात आणि समोरून गोळ्या, अशी ही नोकरी.

प्रशिक्षणात राणे सगळ्यात चांगले रंगरूट ठरले. कमांडंटची मानाची छडी त्यांना मिळाली आणि लवकरच नाईकची फीत दंडावर चढली. तिथून त्यांची रवानगी झाली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, जपान्यांशी लढायला.

आराकानच्या जंगलात त्यांची एक वेगळीच परीक्षा झाली. आपलं सैन्य मागं हटत होतं. बुथिदाँग इथला दारूगोळा आणि महत्त्वाची ठिकाणं जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून उडवून द्यायची होती. त्या कामासाठी जी माणसं मागं ठेवली, त्यात राणे होते. काम झालं की नौदलाची बोट येऊन त्यांना घेऊन जाणार, असं ठरलं होतं. काम झालं, पण बोट काही आली नाही.

समोर नदी, नदीवर जपान्यांचा पहारा आणि आपलं सैन्य केव्हाच लांब गेलेलं. अशा वेळी डोकं शांत ठेवणं सोपं नसतं. राणे आणि त्यांच्या साथीदारांनी जपान्यांची नजर चुकवून नदी पार केली, जंगल तुडवलं आणि बावली बाजार इथं ते आपल्या सैन्याला जाऊन मिळाले. या कामगिरीनंतर राणे हवालदार झाले. पुढं जमादार झाले. आणि १५ डिसेंबर १९४७ ला, देश स्वतंत्र झाल्यावर चारच महिन्यांनी, त्यांना सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. साधा जवान म्हणून भरती झालेला शिपायाचा मुलगा साडेसात वर्षांत अधिकारी झाला.

राजौरीची वाट

त्याच सुमाराला काश्मीर पेटलं होतं. ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानकडून आलेले टोळीवाले काश्मीरमध्ये घुसले. १९४७ च्या दिवाळीच्या दिवसांत, नोव्हेंबरमध्ये, राजौरी शहर त्यांच्या हाती पडलं. तिथं फार मोठी कत्तल झाली. हजारो लोक मारले गेले, जे वाचले ते घरदार सोडून जीव घेऊन पळाले. ज्या दिवसांत आपल्याकडं अंगणात पणत्या लागतात, त्या दिवसांत राजौरीत घरं जळत होती.

आपल्या सैन्यानं फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या नेतृत्वाखाली नौशेरा राखलं. मार्चमध्ये झांगर परत घेतलं. आता पुढचं ठिकाण राजौरी होतं. तिथं जितका उशीर होईल तितके अडकलेले लोक मरणार, हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून घाई होती.

अडचण रस्त्याची होती. नौशेऱ्याहून राजौरीला जाणारी वाट डोंगराच्या कडेकडेनं, सापासारखी वळत जाते. शत्रूनं ती ठिकठिकाणी बंद केली होती. कुठं चिडाची मोठी झाडं आडवी पाडलेली, कुठं मोरी फोडलेली, कुठं रस्त्याचा भरावच उडवलेला, आणि मधल्या जमिनीत सुरुंग. वरच्या टेकड्यांवर मशीनगन लावून शत्रू बसलेला. रणगाडे होते, पण रस्ता नसेल तर रणगाडा काय करणार? पावसाळ्यात ओढ्याची मोरी वाहून गेली की ट्रॅक्टर अलीकडंच उभा राहतो, तसं ते होतं.

४ डोग्रा पलटणीबरोबर निघालेल्या या फौजेला वाट करून द्यायचं काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीकडं आलं. त्या तुकडीचे प्रमुख होते एकोणतीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट रामा राणे.

८ एप्रिल

काम सुरू होतं ना होतं तोच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. राणे यांच्या तुकडीतले दोघे जागेवर ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते.

पहिल्याच तासाभरात तुकडीतली सात माणसं अशी पडली, तर कोणाचेही हातपाय गळतील. राणे यांनी जखम तशीच ठेवून उरलेली माणसं पुन्हा गोळा केली आणि काम परत सुरू केलं. दिवसभर मशीनगन आणि तोफा चालू होत्या, आणि त्यातच रणगाड्यांसाठी वाट मोकळी होत होती.

एक प्रसंग सैन्यात नेहमी सांगितला जातो. सुरुंगाच्या पट्ट्यातून जाताना गोळ्यांपासून आडोसा म्हणून राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. दोन्ही पट्ट्यांच्या मधून ते सरपटत होते आणि रणगाडा त्यांच्या डोक्यावरून हळूहळू पुढं सरकत होता. चालकाला इशारा द्यायला दोर बांधले होते. एक दोर ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. चालकाकडून किंवा दोर धरणाऱ्याकडून एवढीशी चूक झाली असती तर आपल्याच रणगाड्याखाली माणूस गेला असता. तसे सरपटत त्यांनी वाटेतले सुरुंग काढले.

दुपारी साडेचारच्या सुमाराला नौशेऱ्यापासून ११ किलोमीटरवरचा बरवाली कडा डोग्रा जवानांनी ताब्यात घेतला. आजूबाजूला शत्रू अजून होताच. तरी राणे आपली माणसं घेऊन पुढं गेले आणि रणगाड्यांसाठी बाजूनं वळणरस्ता काढायला लागले. रात्री दहा वाजेपर्यंत हे काम चाललं, तेही शत्रूला स्पष्ट दिसेल अशा जागेवर.

९, १० आणि ११ एप्रिल

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काम परत सुरू झालं. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला आणि रणगाडे हलले. राणे सगळ्यात पुढच्या चिलखती गाडीत बसले. जेमतेम अर्धा मैल गेले तर वाटेत चिडाची झाडं आडवी. खाली उतरून त्यांनी सुरुंग लावून झाडं उडवली. आणखी ३०० यार्डांवर परत तेच. पाच वाजत आले होते. पुढं फोडलेली मोरी होती. काम सुरू करायच्या आतच वरून मशीनगन सुरू झाली, तरी बाजूनं वाट काढून गाड्या पलीकडं नेल्या.

सव्वासहाला अंधार पडू लागला, तेव्हा समोर पाच मोठी झाडं एकावर एक पडलेली, भोवती सुरुंग पेरलेले आणि त्यावर मशीनगन रोखलेली. राणे तिथंही सुरुंग काढायला लागले होते. शेवटी फौजेच्या प्रमुखानंच परिस्थिती बघून रात्रीपुरतं सगळ्यांना मागं थांबवलं.

१० तारखेला पहाटे पावणेपाचलाच राणे त्या झाडांपाशी हजर. आपल्याकडं त्या वेळी नुकत्या धारा काढायला सुरुवात होते. साडेसहापर्यंत तो अडथळा त्यांनी दूर केला. पुढचे हजार यार्ड म्हणजे नुसते अडथळे आणि उडवलेले भराव, वरून गोळीबार आहेच. अंगावर जखम घेऊन साडेदहापर्यंत त्यांनी तेही मोकळं केलं.

आता रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगस गावी पोहोचले. खरं तर राणे यांचं मुख्य काम झालं होतं. रणगाडे पोहोचले म्हणून ते बसले असते तरी कोणी बोट दाखवलं नसतं. पण मागून रसद येणार होती. धान्य, दारूगोळा, औषधं घेऊन येणाऱ्या गाड्या काही नदीच्या पात्रातून जाऊ शकत नाहीत, त्यांना रस्ताच लागतो. पुढं गेलेल्या जवानांच्या पोटात अन्न आणि बंदुकीत गोळी नसेल तर ते टिकणार कसे, हे राणे यांना कळत होतं. म्हणून ते रात्री नऊपर्यंत रस्त्यावरच राहिले. त्या दिवशी त्यांच्या पोटात अन्न गेलं नाही की पाठ टेकली नाही.

११ तारखेला सकाळी सहाला परत सुरुवात. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता गाड्यांसाठी पूर्ण मोकळा झाला. तरी थांबले नाहीत. पुढचा रस्ता साफ करत रात्रीचे दहा वाजले.

१२ एप्रिल १९४८ ला राजौरी आपल्या सैन्यानं परत घेतली. डोंगरात लपलेली, उपाशी, घरची माणसं गमावलेली माणसं परत खाली येऊ शकली. राजौरीत आजही एप्रिलमध्ये तो दिवस पाळला जातो.

या चार दिवसांत राणे यांनी किती शत्रू मारले, याचा हिशोब कुठं सांगितला जात नाही. सांगितलं जातं ते एवढंच, की किती वाजता काम सुरू झालं, किती वाजता थांबलं आणि रस्ता कुठपर्यंत झाला. हजेरी बुकासारखा हिशोब आहे हा. पण त्याच हिशोबावर देशानं त्यांना परमवीर ठरवलं. एखाद्या क्षणी जोशात येऊन जिवावर उदार होणं मोठंच आहे. पण जखमी अंगानं चार दिवस, रोज पहाटे उठून, त्याच गोळ्यांखाली परत कामाला जाणं, याला काय म्हणावं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

हयातीत मिळालेलं परमवीर

२६ जानेवारी १९५० ला परमवीर चक्र हे पदक सुरू झालं. त्याचा नमुना तयार केला सावित्री खानोलकर यांनी. जन्मानं त्या युरोपातल्या, लग्नानं मराठी घरातल्या. २१ जून १९५० ला राणे यांचं परमवीर चक्र जाहीर झालं. पाच दिवसांनी त्यांचा बत्तिसावा वाढदिवस होता.

आजपर्यंत फक्त २१ जणांना हे पदक मिळालं आहे. त्यातले १४ जण ते घ्यायला जिवंत नव्हते. राणे त्या मोजक्या माणसांतले, जे परत आले.

घरी परतलेला सैनिक

परत आलेल्या सैनिकाची गोष्ट आपल्याकडं सहसा तिथंच संपवतात. राणे यांची गोष्ट पुढं ४६ वर्षं चालली, आणि तीही सांगण्यासारखी आहे.

ते सैन्यातच राहिले. १९५५ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. त्या काळाच्या मानानं हे लग्न फारच उशिरा. पण भरतीनंतरची त्यांची वर्षं ब्रह्मदेश आणि काश्मीरच्या डोंगरांत गेली होती. संसार फुलला, चार मुलं झाली. लहानपणी बापाच्या बदल्यांबरोबर शाळा बदलणारा हा मुलगा आता स्वतः बदलीच्या नोकरीत बाप झाला होता.

फौजीचं घर कसं चालतं, हे आपल्या गावांना वेगळं सांगायला नको. पत्राची वाट, मनिऑर्डरची वाट, सुट्टीची वाट. राणे वर्दीत असतानाच १९६२ ची चीनची लढाई झाली, १९६५ ची पाकिस्तानची झाली. ज्या घरातला माणूस आधीच एकदा मरणाच्या तोंडातून आला आहे, त्या घरातल्या बाईनं रेडिओवरच्या बातम्या कशा ऐकल्या असतील, ते तिलाच ठाऊक. परमवीर चक्र एकाच्या छातीवर लागतं, पण त्याचं ओझं सगळं घर उचलतं.

२८ वर्षांच्या नोकरीत पाच वेळा राणे यांच्या कामगिरीची सैन्याच्या खलित्यांत खास नोंद झाली. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. पुढचं आयुष्य पुण्यात गेलं. ज्या खडकीत रंगरूट म्हणून पाय ठेवला होता, ती जवळच होती. ना राजकारण, ना मोठेपणाचा बाजार. चारचौघांसारखा घरसंसार केला. ११ जुलै १९९४ ला पुण्याच्या लष्करी रुग्णालयात, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

१९८४ मध्ये, ते हयात असतानाच, शिपिंग कॉर्पोरेशननं एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं. समुद्रकाठच्या पोराचं नाव समुद्रावर फिरलं. २००६ मध्ये कारवारच्या किनाऱ्यावर, चपळ या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ, त्यांचा पुतळा उभा राहिला. गोव्याहून पुढं गोकर्णाला जाणारी आपली माणसं कारवारवरून जातात, त्यांनी दहा मिनिटं तिथं जरूर थांबावं. आणि २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावं दिली गेली, त्यात एक राणे द्वीप आहे.

आपल्या गावातले राणे

शहीद झालेल्या जवानाला आपण विसरत नाही, आणि विसरूही नये. गावाच्या वेशीवर कमान होते, शाळेला नाव दिलं जातं. पण जो लढून परत आला, ज्यानं शेती केली, पोरं शिकवली, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला, त्याला आपण फार तर १५ ऑगस्टला खुर्ची देतो. १९६५ आणि १९७१ ला लढलेली माणसं आता सत्तरीच्या पुढं गेली आहेत. काही पारावर बसलेली दिसतात, काही अंथरुणाला खिळली आहेत. त्यांनी काय पाहिलं, हे त्यांच्या नातवंडांनाही नीट माहीत नसतं.

हातात मोबाईल सगळ्यांच्याच आहे. एखाद्या संध्याकाळी आजोबांजवळ बसून त्यांचं बोलणं त्यात भरून ठेवलं, तर पुढच्या पिढीला ते सापडेल. पलटण कुठली, भरती कधी, आघाडी कुठली, सोबती कोण, हे त्यांनाच विचारावं लागेल. ट्रंकेत पडलेली कागदं आणि पदकं नीट ठेवावीत. पेन्शनचं किंवा विधवा पत्नीच्या हक्काचं काही अडलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावं. पुतळ्याला हार घालण्याइतकंच हेही गरजेचं आहे.

भरतीसाठी पहाटे उठून रस्त्यावर धावणाऱ्या पोरांनी रामा राणे यांचे ते चार दिवस लक्षात ठेवावेत. पायाखालचा रस्ता कोणीतरी कधीतरी मोकळा केलेला असतो.

मेजर रामा राघोबा राणे, परमवीर चक्र, यांना विनम्र अभिवादन.